मागची सीट

आमच्या घरात दोन महिने जेवायला काय होतं ते कोणालाच आठवत नाही. ताटात बघायला वेळ कोणाला होता! धनेश एका हाताने भाकरी मोडायचा आणि दुसऱ्या हातातल्या मोबाईलवरून मोठ्याने वाचायचा, "निळी, चार सिलिंडर, हजार सीसी, दीडशे एचपी. लाल, दोन सिलिंडर, एकशे दहा. करडी, दोनच सिलिंडर आणि शंभरलासुद्धा पोचत नाय." मग माझ्याकडे बघायचा. करडी शंभरला पोचली नाही यात जसा काही माझाच हात होता.

धनेश म्हणजे माझा नवरा. समोर मी 'अहो' म्हणते, पाठीमागे 'तो'. सगळ्याच बायका असं करतात, मी तोंडाने सांगते एवढंच. आमचा टेम्पोचा धंदा आहे, गोदामातला माल उचलायचा आणि ठाणे-मुंबईला पोचवायचा. बुकिंगचा फोन माझ्याकडे असतो. दिवसभर ड्रायव्हर लोकांशी डोकं लावून माझी जीभ जरा तिखट झाली आहे, त्याला माझा इलाज नाही. आमची रीमा लग्न होऊन पुण्याला गेली, धंद्यात पुतण्या जीवन आला, आणि एके दिवशी धनेश म्हणाला, "सुकन्या, आता आपण दोघांनी फिरायचं. मोठी गाडी घेतो. दिवाळी झाली की समुद्राच्या कडेकडेने थेट गोकर्ण. तू आणि मी."

मी हे मनावर घेतलं. लग्न झाल्यापासून त्याच्या बाईकवर मागे बसून मी जिथे कुठे गेले ते कोणाच्या तरी हळदीला, बारशाला नाहीतर दहाव्याला. नुसतं फिरायला म्हणून कुठे गेलेच नाही. मी कल्याणला जाऊन जीन्स आणली, घोट्याच्या वर येतील असे बूट आणले आणि दार लावून आरशासमोर दोन्ही घालून बघितले. शेजारच्या मृणालीला सांगून टाकलं की आम्ही गोकर्णला चाललो. मृणालीला सांगितलं म्हणजे भिवंडीतल्या आमच्या अख्ख्या टेमघरला सांगितलं. आता मागे फिरायची सोय नव्हती, आणि मला फिरायचंही नव्हतं. मला जायचं होतं, बस.

या गाड्यांना स्पोर्ट-टुरर म्हणतात. अर्धी शर्यतीची, अर्धी लांबच्या प्रवासाची. धनेशच्या भाषेत, "पळते पण आणि पोचवते पण." त्याचा एक रायडर ग्रुप आहे, पन्नाशीला टेकलेले सगळे, पोटं सुटलेली, आणि प्रत्येकाला एकशे वीसच्या स्पीडला गाडी कशी वागते याची काळजी. भिवंडीत एकशे वीस! इथे कंटेनरच्या मागे वीसने गेलात तर देवाला हात जोडा. पण यांची चर्चा चालायची. निळीचा खरा जोर आरपीएम वर गेल्यावर येतो, मग ती हाताला आवरत नाही. लाल वजनाला सगळ्यांत हलकी, वळणावर मस्त, पण सिग्नलला उभी राहिली की इंजिनची झळ मांडीला लागते. करडीचा टॉर्क खालीच येतो, म्हणजे गिअर कमी बदलावे लागतात, टाकी मोठी, समोरची काच मोठी, पण वजन सगळ्यांत जास्त आणि ब्रेक दाबला की पुढून वाकते. गाड्यांची माहिती सांगणाऱ्या व्हिडिओतला पोरगा करडीला 'काकांची गाडी' म्हणाला होता. धनेशला ते फार लागलं, कारण त्याला खरोखरच सगळे काका म्हणतात.

मी हे इतकं ऐकलं की एकदा फोनवर एका पार्टीला विचारलं, "टेम्पो किती सीसीचा पाठवू?" पार्टीने फोनच ठेवला.

एका रात्री जेवताना मी म्हटलं, "अहो, मागच्या सीटबद्दल काय लिहिलंय?"

"मागची सीट?" त्याने बोट फिरवलं, वर गेला, खाली आला. "आहे की. तिघींना पण आहे."

"ती असणारच. मागे बसणाऱ्याचं काही लिहिलं नाही का?"

"लिहिलंय ना. हे बघ, पेलोड. निळीला दोनशे किलो." तो खूश झाला. "तू, मी आणि बॅगा, सगळं बसतंय त्यात."

म्हणजे मी पेलोडमध्ये होते, बॅगांच्या शेजारी. मी भाताचं भांडं जरा जोरात आपटलं, पण तोपर्यंत तो निळीच्या सस्पेन्शनवर पोचला होता.

मग हसन आला. हसन हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. शहरात त्याचे लूम आहेत, बापाच्या वेळेपासूनचे, आणि स्वतःकडे एक जुनी मोठी बाईक. ऑफिसात चहा पिता पिता तो म्हणाला, "धनेश, रिकामी गाडी चालवून काय घंटा कळणार? आम्ही जुना लूम घेतो ना, तर आधी त्याच्यावर बीम चढवायला लावतो. सुताचा रोल चढला, ताण आला, दोन हात कापड निघालं, मग बोलणी. खाली लूम तो सब अच्छे ही चलते हैं."

धनेशने मांडीवर थाप मारली. "बरोबर! आपण टेम्पोपण लोड टाकल्याशिवाय घेत नाय."

भिवंडीत ही पद्धतच आहे. लूम असो, टेम्पो असो, मालाची लिफ्ट असो, रिकामी बघून कोणी घेत नाही. बोजा टाकून बघायचं. यात चूक काहीच नाही. मला तर आनंदच झाला, म्हटलं चला, आता माझा नंबर लागला. मी विचारलं, "म्हणजे टेस्टला मी मागे बसायचं ना?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. धनेश म्हणाला, "अगं, गाड्या ग्रुपवाल्यांच्या आहेत. चार माणसं उभी असणार. दुसऱ्याच्या गाडीवर तुला कुठे चढवू-उतरवू सगळ्यांसमोर? बरं दिसत नाय."

"भाभी, आप फिकर मत करो," हसन म्हणाला. "वजन का इंतजाम हो जाएगा."

ते वजनाचं काय म्हणाला, ते मला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी धनेशने मला गोदामात बोलावलं. माल मोजायचा मोठा काटा असतो ना, पत्र्याचा, जमिनीवर ठेवलेला, तिथे तो आणि जीवन उभे. म्हणतो कसा, "जरा ह्याच्यावर उभी राहा गं. काटा चुकतोय की काय ते बघायचंय." मी भोळी, चपला काढून उभी राहिले. जीवनने आकडा बघितला आणि काकाकडे बघितलं. काकाने भुवया उडवल्या. मी म्हटलं, "काय झालं? चुकतोय?" तर म्हणाला, "न्हाय न्हाय, काटा एकदम बरोबर हाय," आणि दोघं तोंड फिरवून निघून गेले.

रविवारी गोदामाच्या आवारात ट्रक नसतात. सकाळी ग्रुपवाले तिन्ही गाड्या घेऊन आले. लाल हसनच्या मेहुण्याची, निळी कोण्या कुमारशेठची, आणि करडी आमच्या जीवनचीच. जीवनने ती स्वस्तात मिळाली म्हणून घेतली होती आणि तेव्हापासून पस्तावत होता. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होते. धनेश निळीवर बसला होता आणि त्याच्या मागे, मागच्या सीटवर, एक भाताची गोण. आमच्या गावच्या, दिघाशीच्या घरून आणलेली, ताडपत्रीच्या दोरीने त्याच्या कमरेला आणि सीटला आवळून बांधलेली. वरून कोणीतरी तिला हेल्मेटही घातलं होतं.

मी खाली आले. "जीवन, ही गोण कशाला रे?"

जीवन हसू दाबत म्हणाला, "काकी, त्या तुम्हीच आहात. ग्रॅमचापण फरक नाय."

सगळे खो खो हसले. मीसुद्धा हसले, चार माणसांत काय करणार? पण माझा असा संताप झाला की विचारू नका. काट्याची चौकशी कशाला चालली होती ते आत्ता माझ्या लक्षात आलं. आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं, ते वेगळंच. तिथे सगळ्यांनी मला बघितलं होतं आणि मी मात्र तिथे नव्हते.

टेस्ट मात्र त्यांनी मन लावून केली, ते नाकारत नाही. आवारात ब्रेक, वळणं, मग वाडा रोडला अंबाडीच्या दिशेने एक एक फेरी. लालवर गोण चढवली की पुढचं चाक हलकं पडायचं, हँडल थरथरायचं. करडी गोणीसकट सावकाश निघायची, पुढे-मागे डोलायची, ब्रेकला नाक खुपसायची. निळीला काही फरकच पडला नाही. तिच्यात एक बटण होतं, दोन हेल्मेटांचं चित्र असलेलं. ते दाबलं की मागचं सस्पेन्शन आपोआप कडक व्हायचं. धनेश परत आला तो हेल्मेट काढायच्या आधीच ओरडत, "मागे कोण हाय का न्हाय, समजतच न्हाय!"

तेव्हा मला ते वाक्य टोचायला पाहिजे होतं. पण मला फक्त गोकर्ण दिसत होतं. म्हटलं निळी तर निळी, एकदाची घ्या आणि चला.

निळी आली. कोरी, नवी, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या पेट्या. आमच्याकडे नवी गाडी आधी वज्रेश्वरीला जाते, देवीसमोर नारळ फुटतो, मग बाकी सगळं. मी जीन्स घातली, बूट घातले, नारळाची पिशवी गळ्यात अडकवली. धनेशने नवीन जॅकेट घातलं होतं, खांद्याला, पाठीला आणि कोपरांना कडक तुकडे बसवलेलं. त्यात तो कपाटाएवढा दिसत होता.

चढायचीच पंचाईत. मागची सीट पुढच्या सीटपेक्षा वीतभर वर, पेट्यांमुळे पाय फिरवायला जागा नाही, आणि पाय ठेवायचे दांडे इतके वर की बसल्यावर माझे गुडघे पोटाशी आले. माझा उजवा गुडघा पूर्ण दुमडत नाही. तीन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडले होते, डॉक्टरकडे धनेशनेच नेलं होतं. त्याला ते माहीत होतं. त्याने ते वजनात धरलं नव्हतं.

शहर ओलांडलं तोवर मी देवाचं नाव घेत होते. वाडा रोडला लागलो तेव्हा देवाचं नावही विसरले. त्याने ब्रेक दाबला की मी घसरून त्याच्या पाठीवर आदळायची आणि आमची हेल्मेटं टणकन आपटायची. सोडला की मागे जायची. धरायला काय, तर सीटखाली बोटभर जागा. खड्डा कुठून येतोय काही कळत नव्हतं, फक्त कमरेत बसत होता. दीडशे घोडे आणि सगळे माझ्या मणक्यावरून चाललेले. अंबाडी नाक्याला मी त्याच्या खांद्यावर बुक्क्या मारून गाडी थांबवली आणि उतरायला गेले, तर उजवा पाय होताच कुठे! तो कधीच बधिर झाला होता. मी एका केळीवाल्याच्या हातगाडीवर जाऊन पडले. केळी वाचली, मी वाचले, नाका बघत होता.

धनेश गाडी स्टँडवर लावून धावत आला. घाबरला होता बिचारा, मी नाही म्हणत नाही. पण त्याच्या तोंडून निघालं काय? "असं कसं झालं गं? गोणीला तर काय झालं न्हाय!"

मी तशीच उठले, कपडे झटकले, समोर वज्रेश्वरीची शेअर रिक्षा उभी होती तिच्यात चौथी सीट घेतली आणि निघून गेले. नारळ माझ्याकडे होता. तो मागून गाडी घेऊन देवळात पोचला तेव्हा मी नारळ फोडून, प्रसाद वाटून मोकळी झाले होते. पुजाऱ्याने विचारलं, "गाडी कुठे आहे?" मी म्हटलं, "येतेय मागून. माझ्याशिवाय जोरात पळते ती."

परतताना मी दिघाशीला सासूबाईंकडे उतरले, रिक्षानेच. रंगूबाई, माझी सासू, अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, गोणीसकट. त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या.

"त्या गोनीला उचलून चढवाया दोघं व्हते," त्या म्हणाल्या. "तुला चढवाया कोन व्हता?"

"कोणी नाही."

"मंग आसं न्हाय तं काय व्हील," म्हणाल्या, आणि परत वाल सोलायला लागल्या. मला तिथे रडू आलं. सासूसमोर इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा रडले, आणि त्यांनी ते बघितलं नाही असं दाखवलं, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

घरी आल्यावर धनेश माझ्या मागे मागे. गरम पाण्याची पिशवी, मलम, चहा. चहा त्याला येत नाही, तरी केला. मी विरघळत होते. तेवढ्यात तो म्हणाला, "सुकन्या, मी विचार केला. तुला कशाला त्रास? मी ग्रुपबरोबर गाडीने जातो. तू ट्रेनने ये. गोकर्णला भेटू. मस्त."

मस्त!

मी कप खाली ठेवला. इतका वेळ मी चिडले होते ती गुडघ्यावरून, गोणीवरून. आता ते दोन्ही मागे पडलं. हा माणूस माझ्याशिवाय जाणार होता, आणि त्याला त्यात काही गेल्यासारखं वाटत नव्हतं. आणि मी मृणालीला काय सांगू, हे दुसरं. पण खरं सांगते, ते दुसरंच होतं.

"येते की ट्रेनने," मी म्हटलं. "पण माझी एक अट आहे. आधी तुम्ही एकदा मागे बसायचं. हसनभाई चालवतील. इथून अंबाडीपर्यंत. मग तिथे उतरून मला म्हणा, ट्रेनने ये."

तो हसला. "एवढंच?"

एवढंच. पण लक्षात घ्या, धनेश आयुष्यात कधी कोणाच्या मागे बसलेला नाही. सोळाव्या वर्षी बापाची राजदूत मोटारसायकल हातात आली तेव्हापासून हँडल त्याचं. लग्नाला गेलो तरी गाडी हाच चालवणार, हात मोडला होता तेव्हासुद्धा एका हाताने चालवून आला. त्याला मागची सीट ठाऊक नाही, एवढं मला त्या क्षणी एकदम समजलं. आणि आमच्या भिवंडीतले सगळे चालवणारे तसेच.

हसन दुसऱ्या सकाळी आला. त्याला वाटलं गंमत आहे. "बैठ, मेरी जान," म्हणाला आणि निळी सुरू केली. मी माझी अ‍ॅक्टिवा घेऊन मागे. वाडा रोडला एवढी गर्दी असते की अ‍ॅक्टिवा काय आणि हजार सीसी काय, सगळ्यांना एकच ट्रक पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे मला सगळं नीट दिसलं.

निघताना धनेशने हात मांडीवर ठेवले होते, ऐटीत. पहिल्या ब्रेकला ते सीटखाली गेले. नदीच्या पुलानंतर एक हात हसनच्या खांद्यावर. मग एका खड्ड्यात गाडी आपटली आणि माझ्या नवऱ्याने दोन्ही हातांनी हसनच्या पोटाला मिठी मारली ती अंबाडीपर्यंत सोडली नाही. बाजूने जाणारी शाळेची पोरं बोट दाखवून हसत होती. मीही हसत होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, गाडी सांभाळत.

अंबाडीला चहाच्या टपरीजवळ हसनने गाडी थांबवली. "भाभी, इसने मेरी पसली तोड दी," तो बरगडी चोळत म्हणाला. "आणि सगळ्या रस्त्यात एकच, हळू चालव, हळू चालव. मैं चालीस पे था!"

धनेश उतरला आणि टपरीच्या बाकावर बसला. मी त्याच्या शेजारी बसले. मला वाटलं आता तो काहीतरी बडबडेल, हसनला शिव्या घालेल. तो नुसता हाताची बोटं उघडून बघत होता. हसन समजूतदार माणूस, तो चहा सांगायला गेला तो तिकडेच थांबला.

"मागून काय दिसतच नाय गं," धनेश म्हणाला. "नुसती पाठ. खड्डा कधी येतो, ब्रेक कधी मारणार, काय कळत नाय. मला वाटलं मी पडतो."

"हं."

"तू इतकी वर्षं कशी बसत होतीस मग? तुला कसं कळायचं?"

मला हे कधी कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी स्वतःही त्याचा विचार केला नव्हता. मी सांगायला लागले आणि सांगता सांगताच मला कळत गेलं. "तुमच्यावरून," मी म्हटलं. "खड्डा दिसला की तुमचा उजवा खांदा जरा वर जातो. ब्रेक मारायच्या आधी मान ताठ होते. वळायचं असलं की त्या बाजूचं कोपर आत येतं. कोणाला शिवी घालणार असलात की आधी श्वास घेता. मी रस्त्याकडे कधी बघितलंच नाही. मी तुमच्याकडे बघून बसत होते. काल त्या जॅकेटमध्ये खांदा दिसेना, मान दिसेना. तुम्ही कुठे आहात तेच मला कळत नव्हतं. गुडघा दुखलाच, पण मी घाबरले ती त्याच्यामुळे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं चिडला. मग बघितलं तर त्याची हनुवटी हलत होती. माझा नवरा रडका नाही. बाप गेला तेव्हासुद्धा तो आधी लाकडं आणायला गेला होता.

"आणि मी गोण बांधली," तो म्हणाला.

"हेल्मेट घालून," मी म्हटलं.

चहा आला. आम्ही प्यायलो. ट्रेनचं नाव त्याने काढलं नाही. परत जाताना तो म्हणाला, "अ‍ॅक्टिवा मी चालवतो, तू मागे बस." मी म्हटलं, "अ‍ॅक्टिवा माझी आहे. मागे तुम्ही बसा." तो बसला. संपूर्ण रस्ता माझ्या खांद्यांकडे बघत होता, मला आरशात दिसत होतं. काय समजलं त्याला देव जाणे.

पुढचं तुम्हाला वाटतं तितकं अवघड झालं नाही. जीवनला बोलावून विचारलं, निळी घेतोस का, करडी दे. जीवनला आभाळ ठेंगणं झालं. घरातल्या घरात अदलाबदल. ग्रुपवाल्यांनी धनेशला फोन करून करून हैराण केलं. दीडशे घोडे सोडून काकांची गाडी? वजन जास्त, जोर कमी, दिसायला म्हैस! धनेश म्हणाला, "म्हैसच हाय. पण बायको बसते." फोन ठेवून दिला.

करडीवर मी आधी उभ्या गाडीवर बसून बघितलं, गोदामाच्या आवारात, चार माणसांसमोर. बरं दिसलं की नाही ते मी कोणाला विचारलं नाही. सीट रुंद, खाली, पुढच्या सीटच्या जवळजवळ बरोबरीची. दांडे खाली, गुडघा निम्माच दुमडावा लागतो. धरायला दोन्ही बाजूंना चांगल्या कड्या. मोबाईलवर तिच्या नावापुढे ज्या ज्या गोष्टी वाईट म्हणून लिहिल्या होत्या, त्यातल्या निम्म्या मागे बसणाऱ्याच्या कामाच्या होत्या. पुढून वाकते ते खरं, पण सावकाश वाकते, मला तयारीला वेळ मिळतो. जॅकेट त्याने बदललं नाही, बदलू नकाच म्हटलं मी, पडलो तर तेच कामाला येईल. मलाही एक आणलं. आता मीही कपाट.

दिवाळी झाली आणि आम्ही निघालो. ग्रुप आदल्या दिवशी गेला होता. सकाळची उन्हं, टेमघरच्या गल्लीत मृणाली, तिची सासू, जीवन, सगळे उभे. मी चढले. कोणी उचललं नाही, उचलावं लागलंच नाही. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि धनेश अचानक ओरडला, "खड्डा!"

मी दचकले. "काय झालं?"

"खड्डा सांगितला. तुला खांदा दिसत न्हाय ना. मी सांगत जाईन."

आणि सुरू. "खड्डा! ब्रेक! रिक्षा आली, डावीकडे घेतो! खड्डा! मोठा खड्डा!" आता भिवंडीत खड्डे सांगत जायचं म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नाही. कल्याण रोडला लोक वळून बघत होते. एक टँकरवाला खिडकीतून विचारतो, "क्या हुआ चाचा?" मी म्हटलं, "अहो पुरे, लोक हसतायत." तो म्हणाला, "हसू दे. स्पीडब्रेकर!" रांजणोली नाका येईपर्यंत त्याचा आवाज घोगरा झाला. मानकोलीच्या पुढे तो बसलाच. नुसती हवा निघत होती.

मी मागे बसून हसत होते आणि मला भरूनही आलं होतं. हेल्मेटात ना डोळे पुसता येतात ना नाक, फार वाईट अवस्था. रस्ता जरा मोकळा झाला. गाडीने वेग घेतला, काचेवरून वारा वरच्या वर गेला. मग पुढे रस्ता उखडलेला होता. त्याला ओरडता येईना. त्याने डावा हात हँडलवरून काढला, मागे आणला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवून दाबला. आपटलो. मला आधीच कळलं होतं, मी घट्ट बसले होते.

"अहो," मी त्याच्या कानाशी ओरडले, "हात हँडलवर ठेवा! मला गोकर्णला जायचंय, वर नाही."

त्याने हात काढला, पण लगेच नाही काढला.